फळ्यावरचे प्रवाळ

वार्षिक अंकासाठी एखादे प्रवासवर्णन लिहून द्यावे, अशी संपादक-शिक्षकांची सूचना आली तेव्हा प्रथम मी नकारच दिला. प्रवासवर्णन लिहावे असा प्रवास मी आयुष्यात फारसा केलेला नाही. इंदूरसारख्या समुद्रापासून दूर असलेल्या शहरात जन्म गेला. समुद्र पाहिला तो तीन वेळा, आणि तोही किनाऱ्यावर उभा राहून. परंतु गेल्या वर्षी माझ्या हातून एक जुनी चूक दुरुस्त झाली आणि ती दुरुस्त करावयास मला समुद्राच्या तळाशी जावे लागले. ही हकीकत विद्यार्थ्यांना सांगणे माझे कर्तव्यच आहे, असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहे.

आपल्या शाळेत मी ३१ वर्षे भूगोल शिकविला. या अवधीत प्रवाळबेटांचा धडा किती वेळा शिकविला असेल याची गणती नाही. खडूने फळ्यावर समुद्रातून वर आलेला ज्वालामुखीचा डोंगर काढावयाचा; त्याच्या कडेने किनाऱ्याला लागून असलेली प्रवाळभित्ती दाखवावयाची; मग डोंगर खचत जातो तसतशी भित्ती किनाऱ्यापासून दुरावते, आणि शेवटी डोंगर बुडून गेल्यावर मागे उरते ते कंकणाकृती बेट. चार्ल्स डार्विनने १८४२ साली आपल्या ग्रंथात मांडलेला हा सिद्धान्त. त्या तीन आकृत्या मी इतक्या सफाईने काढीत असे की, मुले आपापल्या वह्या सरसावून बसत. धडा संपला की भूगोलाच्या कपाटातून एक पांढराशुभ्र, खरखरीत तुकडा काढून तो बाकांवरून फिरवावयाचा. फार वर्षांपूर्वी कोणा यात्रेकरूने रामेश्वराहून आणून शाळेला भेट दिलेला तो प्रवाळ. त्याला डकवलेल्या चिठ्ठीवर माझ्याच अक्षरात लिहिलेले होते: ‘प्रवाळ खडक’.

२००५ च्या सुमारास, इयत्ता नववीच्या वर्गात, तो तुकडा हाती घेऊन एक विद्यार्थी उभा राहिला. मुलगा अबोल, मागच्या बाकावर बसणारा. त्याने विचारले, “सर, पुस्तकात लिहिले आहे की प्रवाळ हे जीव असतात. मग ते जागचे हलत नाहीत तर खातात काय?”

मला उत्तर ठाऊक नव्हते. ‘मला ठाऊक नाही, उद्या पाहून सांगतो’ हे सहा शब्द त्या वेळी माझ्या तोंडून निघाले असते, तर हा लेख लिहिण्याचे कारणच पडले नसते. परंतु तास संपत आला होता, आणि शिक्षकाचा अहंकार मोठा विचित्र असतो. मी म्हणालो, “तुझ्या डब्यातली पोळी खातात! खाली बस. हे परीक्षेला नाही.” वर्ग खदखदून हसला. मुलगा खाली बसला. त्यानंतर त्या वर्षी त्याने मला एकही प्रश्न विचारला नाही, आणि वर्गाने मात्र त्याला ‘पोळीवाला प्रवाळ’ हे नाव चिकटवून दिले. ते नाव मी कित्येकदा कानांनी ऐकले. परंतु मुलांना थांबविले नाही.

पुढे तो मुलगा शाळा सोडून गेला आणि मीही सेवानिवृत्त झालो. एके दिवशी त्याचा दूरध्वनी आला. तो अंदमानमधील स्वराज द्वीप बेटावर पाणबुड्यांना शिकविण्याचे काम करीत होता. “सर, तुम्ही आम्हांला प्रवाळ शिकवलात, एकदा ते पाहायला या,” असे तो म्हणाला. त्याच्या स्वरात उपरोध नव्हता. आणि म्हणूनच त्या रात्री मला झोप लागली नाही.

घरात अर्थातच विरोध झाला. “बासष्टाव्या वर्षी काळ्या पाण्यावर कशाला जायचे?” हा सौभाग्यवतींचा प्रश्न. मराठी घरात अंदमान म्हटले की हेच शब्द ओठांवर येतात. डॉक्टरांनी छाती, कान, रक्तदाब तपासून प्रमाणपत्र दिले. पोहणे मला येत होते. लहानपणी महेश्वरच्या घाटावर कमरेला भोपळा बांधून काकांनी मला नर्मदेत ढकलले होते. एवढ्या भांडवलावर २०२५ च्या फेब्रुवारी महिन्यात मी निघालो.

ज्याला आपण पोर्ट ब्लेअर म्हणत होतो, त्या नगराचे नाव सप्टेंबर २०२४ मध्ये श्रीविजयपुरम असे ठेवण्याचे जाहीर झाले आहे. तेथे उतरताच पहिले दर्शन घेतले ते सेल्युलर कारागृहाचे. १९०६ साली बांधून पूर्ण झालेल्या याच वास्तूत १९११ च्या जुलैमध्ये स्वातंत्र्यवीर सावरकरांना आणण्यात आले होते. गच्चीवर उभे राहिले की सभोवार समुद्र दिसतो. काळा मुळीच नाही; निळा, हिरवा, काठाशी तर नितळ. ‘काळे’ होते ते पाणी नव्हे, माणसाने माणसाला दिलेली शिक्षा काळी होती.

तेथून बोटीने दोन-अडीच तासांत स्वराज द्वीपास पोहोचलो. या बेटाचे जुने नाव हॅवलॉक. १८५७ च्या जुलैत कानपूरनजीक नानासाहेब पेशव्यांच्या सैन्याचा पराभव करणाऱ्या जनरल हेन्री हॅवलॉकचे ते नाव ३० डिसेंबर २०१८ रोजी बदलण्यात आले. बेटावर फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांची वस्ती आहे. त्यामुळे गावांची नावे गोविंदनगर, राधानगर, कृष्णनगर, श्यामनगर अशी. सुपारीच्या आणि नारळीच्या बागा ओलांडून गेलो तो धक्क्यापासून थोड्याच अंतरावर माझा विद्यार्थी उभा. तिशी ओलांडलेला, उन्हाने रापलेला. त्याने वाकून नमस्कार केला आणि माझी पिशवी हातातून काढून घेतली. मला मात्र त्याच्या डोळ्यांकडे पाहण्याचे धैर्य होईना.

दुसऱ्या दिवसापासून मी त्याचा विद्यार्थी झालो. पाठीवर दाबलेल्या हवेची टाकी, तोंडात श्वास घेण्याचे नळकांडे, डोळ्यांवर काचेचा मुखवटा, पायांत रबरी वल्ही आणि कमरेला शिशाची वजने, असा हा सरंजाम. पाण्याखाली स्वतःची हवा स्वतःच वाहून नेण्याचे हे उपकरण फ्रान्समध्ये जाक कूस्तो आणि एमिल गान्यां यांनी १९४३ साली सिद्ध केले. त्याचेच सुधारलेले रूप आज स्कूबा या नावाने जगभर वापरतात.

पहिला नियम त्याने मला तीन वेळा म्हणावयास लावला: श्वास कधीही रोखून धरावयाचा नाही. मी रोज पहाटे प्राणायाम करणारा माणूस. पूरक, कुंभक आणि रेचक ही माझी सवय. “सर, येथे कुंभक वर्ज्य,” तो म्हणाला. कारण साधे आहे. पाण्यात दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. १० मीटर खोलीवर छातीभर घेतलेली हवा तशीच कोंडून वर आलो, तर पृष्ठभागाशी येईपर्यंत तिचे आकारमान दुप्पट होऊ पाहते, आणि फुप्फुसे फाटतात. बॉइलचा हा नियम आमचे विज्ञानशिक्षक शेजारच्या वर्गात शिकवीत असत. तो माझ्या प्राणाशी निगडित आहे, हे मला तेव्हा कुठे माहीत होते!

उथळ पाण्यातील दुसऱ्या धड्यात माझी फजिती झाली. मुखवट्यात पाणी शिरू द्यावयाचे आणि नाकाने जोराने हवा सोडून ते बाहेर काढावयाचे, असा तो पाठ. पाणी नाकाशी आले आणि मी घाबरून नळकांडे तोंडातून काढून टाकले. पाणी छातीइतकेच होते, उभे राहिले तरी पुरे होते. परंतु भय विचार करू देत नाही. त्याने माझा दंड धरून मला उभे केले. खोकला थांबेपर्यंत तो स्वस्थ राहिला आणि मग म्हणाला, “सर, काही घाई नाही. उद्या पुन्हा करू.” भोवती चार तरुण मुलेमुली शिकत होती, त्यांच्यापैकी एकजण हसू लागला, तेव्हा माझ्या या विद्यार्थ्याने त्याच्याकडे नुसते पाहिले. तो मुलगा गप्प झाला. वीस वर्षांपूर्वी नववीच्या वर्गात जे मी करावयास हवे होते, ते त्याने एका दृष्टिक्षेपात केले.

तिसऱ्या दिवशी किनाऱ्यालगतच्या ‘नीमो रीफ’ नावाच्या उथळ जागी आम्ही उतरलो. एका विदूषक माशाच्या पिल्लावरील २००३ सालच्या चित्रपटातून हे नाव आले आहे. पाणी कोमट होते. कानांत दाब आला. नाक चिमटीत धरून कान मोकळे करीत हळूहळू खाली गेलो, आणि वाळू संपून प्रवाळ सुरू झाले.

फळ्यावर मी ज्याला एका वक्र रेषेने दाखवीत असे, ते हे! शिंगांसारखे फाटे फुटलेले, मेंदूसारख्या वळ्यांचे, थाळीसारखे पसरलेले, कोठे तपकिरी, कोठे फिकट जांभळे, टोकांशी निळसर. नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे विदूषक मासे समुद्रफुलाच्या विषारी बोटांमध्ये निर्धास्त लपत होते. हे मासे जन्मतः सगळे नर असतात. कुटुंबातील सर्वांत मोठा मासा मादी होतो, आणि ती मेली की तिच्या खालचा नर तिची जागा घेऊन स्वतः मादी होतो. पोपटमासे चोचीसारख्या दातांनी प्रवाळाचा पृष्ठभाग खरवडत होते. त्याचा कडकड आवाज पाण्यातून स्पष्ट ऐकू येत होता. त्यांच्या पोटात दळला गेलेला प्रवाळ पुन्हा वाळू होऊन बाहेर पडतो. ज्या शुभ्र पुळणीवर प्रवासी छायाचित्रे काढतात, तिच्यातील पुष्कळशी वाळू अशी दळून आलेली असते.

पुढील दोन दिवसांत ‘अ‍ॅक्वेरियम’ आणि ‘वॉल’ या जागा पाहिल्या. ‘वॉल’ म्हणजे खरोखरीच भिंत. दहा-बारा मीटरांच्या आसपास तिचा माथा, आणि तेथून ती खाली निळ्या अंधारात उतरत जाते. मला १८ मीटरांपर्यंतच जाण्याची मुभा होती. पायांखाली तळ नाही आणि तरीही आपण पडत नाही, ही अवस्था शब्दांत सांगणे कठीण आहे. तेथे सारेच करडे-निळे दिसत होते, कारण पाणी तांबडा प्रकाश पहिल्या काही मीटरांतच शोषून घेते. त्याने विजेरी पेटविली मात्र, आणि भिंतीवरचा एक करडा पंखा क्षणात लालभडक झाला. रंग तेथे होताच. तो दिसावा एवढा प्रकाश नव्हता. माझ्या वर्गातही असे काही करड्या रंगाचे विद्यार्थी मागच्या बाकांवर बसून गेले असतील, असे मनात आल्यावाचून राहिले नाही.

बेटापासून दूर समुद्रात ‘जॉनीज गॉर्ज’, ‘डिक्सन्स पिनॅकल’, ‘जॅक्सन्स बार’ अशी नामांकित स्थळे आहेत. ही नावे कोणा साहेबाची नव्हेत. येथील कारेन समाजाच्या पाणबुड्यांची आहेत. या लोकांचे पूर्वज १९२५ च्या सुमारास ब्रह्मदेशातून येथे आणून वसविण्यात आले. ‘जॉनीज गॉर्ज’ सुमारे २० ते ३० मीटर खोलीवर असल्याने मला तेथे उतरता आले नाही. मी नावेत बसून राहिलो, आणि वर आलेल्या मंडळींच्या तोंडून मुशीच्या व बराकुडांच्या थव्यांच्या गोष्टी ऐकल्या. आपली मर्यादा ओळखून नावेत बसणे यातही एक समाधान असते.

परतताना मी त्याला विचारले, “हे सगळे असेच राहील ना?” तो बराच वेळ बोलला नाही. मग त्याने सांगितले की, २०१० च्या उन्हाळ्यात येथील समुद्र नेहमीपेक्षा तापला आणि अंदमानभर प्रवाळ पांढरे पडले. २०१६ मध्ये पुन्हा तेच घडले. प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते. त्याचा रंग आणि त्याचे बहुतेक अन्न त्या शैवालाचेच. पाणी एखाद-दुसऱ्या अंशाने अधिक तापून तसेच आठवडेच्या आठवडे राहिले, की प्रवाळ हे शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा होतो. पाणी वेळेवर निवले तर तो सावरतो. नाही तर उपाशी मरतो. २०२४ साली तर जगातील समुद्रांवर असे संकट चौथ्यांदा आल्याचे शास्त्रज्ञांनी जाहीर केले. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात उत्तर अंदमानची जमीन उचलली गेली आणि तेथील काही प्रवाळ पाण्याबाहेर येऊन मेले, तो निसर्गाचा कोप होता. “पण हा ताप आपला आहे, सर,” तो म्हणाला.

पांढरा! माझ्या डोळ्यांसमोर कपाटातील तो शुभ्र तुकडा उभा राहिला. ज्याची शुभ्रता मी वर्षानुवर्षे कौतुकाने मिरविली, तो एका वसाहतीचा सांगाडा होता. ३१ वर्षे मी मुलांना हाडे दाखवून जीव शिकवीत होतो.

शेवटच्या दिवशी ‘लाइटहाउस’ या जागी उतरलो. तेथे मेलेल्या प्रवाळांचा एक ढिगारा आहे, शेवाळाने मळकट झालेला. त्याने बोटाने एक ठिकाण दाखविले. मेलेल्या फांदीवर अंगठ्याच्या नखाएवढा एक नवा प्रवाळ रुजला होता, फिकट गुलाबी रंगाचा. मी हात पुढे केला तो त्याने मान हलवून मागे घ्यावयास लावला. स्पर्शही करावयाचा नाही. मग कमरेला बांधलेली लहानशी पाटी काढून त्याने तिच्यावर शिसपेन्सिलीने लिहिले. पाण्याखाली बोलता येत नाही, म्हणून पाणबुडे अशी पाटी बाळगतात. त्याने पाटी माझ्यासमोर धरली. अक्षर तेच, नववीतल्या वहीतले, उजवीकडे झुकलेले:

‘सर, दिवसा ऊन खातो. रात्री शिकार करतो.’

वीस वर्षे त्याने तो प्रश्न जपून ठेवला होता आणि उत्तर शोधावयास समुद्राच्या तळाशी आला होता. दिवसा अंगातील शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून त्याला देते. रात्री प्रवाळ आपली इवली बोटे पसरून पाण्यातील सूक्ष्म जीव पकडतो. एवढे साधे उत्तर! मुखवट्यात पाणी आले. ते समुद्राचे नव्हते. मी पेन्सिल मागून घेतली. हात थरथरत होता. मी लिहिले:

‘मला ठाऊक नव्हते. मी चुकलो.’

त्याने ते वाचले. मग पाटी पुसली, अंगठा आणि तर्जनी जुळवून पाणबुड्यांची ‘सर्व ठीक’ ही खूण केली, आणि मी तशीच खूण करीपर्यंत वाट पाहत राहिला. नावेत चढल्यावर त्या विषयावर तो एक शब्दही बोलला नाही. एवढेच म्हणाला, “सर, पाय फार खाली सोडता. फिन्स प्रवाळाला लागतात. पुढच्या वेळी लक्ष ठेवा.”

निघताना किनाऱ्यावर पडलेला प्रवाळाचा एक तुकडा शाळेसाठी न्यावा, असे माझ्या मनात आले. त्याने तो माझ्या हातातून घेऊन परत वाळूवर ठेवला. प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. मेलेला तुकडाही नेता येत नाही. मला लाज वाटली, आणि आनंदही झाला. शिक्षकाला नियम सांगणारा विद्यार्थी निपजावा, यापरते भाग्य कोणते?

विद्यार्थिमित्रहो, इंदुरास परतल्यावर मी मुख्याध्यापिकाबाईंकडून भूगोलाच्या कपाटाची किल्ली मागून घेतली. तो पांढरा तुकडा अजून तेथेच आहे. तो कोणीही पाहावा. जुनी चिठ्ठी मी काढून टाकली आणि नवी लावली. तिच्यावर असे लिहिले आहे: ‘प्रवाळ. लहान लहान प्राण्यांच्या वसाहतीचा सांगाडा. जिवंतपणी रंगीत असतो. दिवसा उन्हावर आणि रात्री शिकारीवर जगतो.’

खाली थोडी जागा उरली होती. तेथे मी आणखी एक ओळ लिहिली: ‘काही विचारावयाचे असल्यास अवश्य विचारावे.’